मे महिन्यातलं वाचन: खान्देशात राहून तयारी करणाऱ्यांसाठी

राज्यसेवेची तयारी नुकतीच सुरू केलेल्या प्रत्येकाला ‘मे महिना सोन्यासारखा आहे’ हे ऐकवलं जातं. ऐकवणारे बहुतेक पुण्यातल्या एसी अभ्यासिकेत बसलेले असतात. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकला की दुपारी बारा ते पाच डोक्यात काही शिरत नाही. कूलरसमोर पानं उलटली जातात, पण वीज गेली की तेही थांबतं. म्हणून पहाट धरा. धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपत असाल तर उन्हं अंगावर यायच्या आधीच जाग येते. तिथून नऊपर्यंतचा वेळ आपला. दुपारी सरळ झोपा. घरचे बोलतील, बोलू द्या.

पुस्तकांची नावं सांगत बसत नाही, ती तुम्हाला पाठ असतील. पंधरा पुस्तकांची यादी व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्या अभ्यासिकेतल्या भाऊंपासून मात्र जपून राहा. ‘यातलं तुम्ही शेवटचं पुस्तक कधी संपवलं?’ एवढंच विचारून बघा. टॉपरच्या नोट्सच्या पीडीएफबद्दल माझं मत याहून वाईट आहे, ते इथे नको.

आता खरी गोम. मी यात पुरता अडकलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो. एखादं प्रकरण दुसऱ्यांदा वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं. तिसऱ्यांदा तर पुढचं वाक्य आधीच आठवतं. मग आपण खूश होऊन प्रकरणावर टिक करतो. पण आठवलेलं असतं ते पान समोर आहे म्हणून. पान मिटलं की हात कोरे.

फैजपूरचंच घ्या. डिसेंबर १९३६, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. फैजपूर ज्यात येतं त्या यावल तालुक्यातल्या पोराला हे काय शिकवायचं? पण पुस्तक मिटून स्वतःला विचारा: तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात होतं काय? सारा आणि खंड कमी करणं, कर्जाचं ओझं हलकं करणं, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी, शेतकरी संघटनांना मान्यता. आणि हे नेमकं तेव्हाच का? १९३७ च्या सुरुवातीला प्रांतिक निवडणुका होत्या. वाचताना हे सगळं ‘माहितीच आहे’ वाटतं. कोऱ्या कागदावर दोन ओळींच्या पुढे पेन जात नाही. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, तिथे समोर चार पर्याय नसतात.

उपाय कंटाळवाणा आहे. एक प्रकरण वाचा, पुस्तक लांब ठेवा, आठवेल तेवढं लिहा, मग उघडून राहिलेलं लाल पेनानं भरा. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणजे ज्या संध्याकाळी ‘आज मस्त अभ्यास झाला’ वाटतं, तिच्यावर फार भरवसा ठेवू नका. हायलायटर तर घरीच ठेवा. अख्खं पान पिवळं झालं की त्यातलं महत्त्वाचं काय, हे पुन्हा शोधावं लागतं.

या पद्धतीनं महिन्यात दोनच पुस्तकं होतील. शेजारच्या टेबलावरचा सात संपवल्याचं सांगेल. पहिल्या आठवड्यात कागदावर जेमतेम अर्धं पान भरतं, तेव्हा ‘आपल्याला झेपणार नाही’ असं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. तेवढ्यावरून क्लासची फी भरायला धावू नका.

आणि दुसरं पुस्तक अर्धवट राहिलं तरी हरकत नाही. जूनमध्ये पाऊस पडला की घरात पेरणीची धांदल, पहाटेचा तास मिळाला तरी पुष्कळ. त्या तासात नवं पुस्तक उघडू नका. मेमधले लाल पेनाचे कागद काढा आणि तेवढेच प्रश्न पुन्हा लिहा.