अमेरिकेतल्या बंदुकांवर वाद घालायचा असेल तर

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आणि त्यांच्या इकडच्या नातेवाइकांत तोच वाद पुन्हा सुरू होतो. एक जण विचारतो, ‘हे लोक सरळ बंदी का घालत नाहीत?’ दुसरा म्हणतो, ‘बंदूक मारत नाही, माणूस मारतो.’ असे वाद मी पुष्कळ ऐकले आहेत, काही घातलेही आहेत, आणि माझे मत असे झाले आहे की बहुतेक वेळा दोघे वेगवेगळ्या मृत्यूंविषयी बोलत असतात. म्हणून तोंड उघडण्याआधी आपण कोणत्या मृत्यूविषयी बोलणार आहोत, हे ठरवून घ्यावे.

२०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे गेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या आणि २०,९५८ खून. ज्यांच्यामुळे वाद पेटतो ते शाळांमधले सामूहिक गोळीबार या आकड्यांचा फार लहान भाग आहेत. त्यांचे दुःख त्यामुळे लहान होत नाही, पण त्यांच्यावरचा उपाय बाकीच्यांना लागू पडेलच असे नाही. ‘गुन्हेगार कायदा पाळत नाहीत’ हा युक्तिवाद खुनांच्या बाबतीत विचारात घेण्याजोगा आहे, आत्महत्यांच्या बाबतीत मात्र तो गैरलागू ठरतो, कारण तिथे बंदूक बहुधा घरातली आणि कायदेशीर असते. उलट रायफलींवर बंदी मागणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे की बहुतेक खून पिस्तुलाने होतात.

आत्महत्येचा मुद्दा वादात सर्वांत कमी निघतो आणि माझ्या मते तोच सर्वांत आधी काढावा. निराशेचा तो झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी बंदूक नसली तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते, आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका नातेवाइकाशी मी तासभर राज्यघटनेवर भांडलो होतो. शेवटी मी इतकेच विचारले, ‘तुझे पिस्तूल कुठे असते आणि किल्ली कोणाकडे असते?’ तो काही बोलला नाही. उठून आतल्या खोलीत गेला, पलंगाशेजारचा खण ओढून पाहिला, आणि परत येऊन म्हणाला, ‘कुलूप नाहीये.’ त्याचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्यानंतर आमचे बोलणे प्रथमच कामाचे झाले.

शब्द नीट वापरावेत, कारण एक चुकीचा शब्द सापडला की समोरचा तेवढाच धरून बसतो. ‘एआर-१५’ या रायफलीच्या नावातले ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे, ते आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावावरून आले आहे. दुकानात मिळणारी ही रायफल अर्धस्वयंचलित असते, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात त्या स्वयंचलित बंदुकांवर १९३४ पासून कडक निर्बंध आहेत, आणि १९८६ नंतर बनलेल्या तशा बंदुका सामान्य नागरिकाला विकत घेता येत नाहीत.

मराठी वाचकाला सर्वांत अवघड जाते ती कायद्याची बाजू. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना म्हणजे सरकारने दिलेली मुभा असते. निवडणूक आली की अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्क मानला आहे, आणि २००८ च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे ‘सरसकट बंदी घाला’ म्हणणाऱ्याला तिथे कायद्याचा आधार मिळत नाही. पण त्याच निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी हा हक्क अमर्याद नसल्याचेही स्पष्ट लिहिले आहे, आणि कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणात न्यायालयाने मनाई आदेश दिलेल्या व्यक्तीला शस्त्र बाळगू न देणारा कायदा २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरला. प्रत्येक नियम घटनाबाह्य आहे, असे म्हणणाऱ्याला हे दोन्ही निकाल दाखवावेत.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण द्यायचे तर पूर्ण द्यावे. १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यावर तिथल्या सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. मात्र तिथे बंदुकीचा हक्क घटनेत नाही, आणि अमेरिकेत लोकसंख्येपेक्षा बंदुका जास्त आहेत. म्हणून मी अमेरिकेतल्या माणसाशी बोलताना बंदुका परत घेण्याचा विषय काढत नाही. परवानाधारक दुकानदाराला ग्राहकाची पार्श्वभूमी तपासावी लागते, पण केंद्रीय कायद्यानुसार खासगी विक्रेत्यावर तसे बंधन नाही. हा फरक का राहावा, एवढेच मी त्याला विचारतो आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतो.