जुनी मेजॉलिका घेताय? आधी भांडं उलटं करा

इंग्लंडची व्हिक्टोरियन मेजॉलिका, म्हणजे मिंटन, वेजवूड, जॉर्ज जोन्स वगैरे कारखान्यांची रंगीत ग्लेझची (काचेसारख्या चकचकीत लेपाची) मातीची भांडी, ऑनलाइन बघत असाल तर विक्रेत्याकडे सगळ्यात आधी तळाचा फोटो मागा. समोरून सगळंच झकास दिसतं हो! मिंटनने १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात हा माल आणला आणि मग बऱ्याच कारखान्यांनी उचलला, त्यामुळे कारखान्याचा शिक्का नाही म्हणून लगेच नकली समजू नका, खूप अस्सल तुकड्यांवर काहीच नसतं. पण तळ नुसता पांढराफटक, आतली बाजूपण पांढरी, रंग एकमेकांत ओघळलेले आणि वस्तू हातात फारच हलकी, असं सगळं एकत्र दिसलं तर मी तरी ती न घेता पुढे सरकतो. जॉर्ज जोन्सच्या तळाला बऱ्याचदा हिरवा-तपकिरी ठिपकेदार ग्लेझ असतो, तो बघा.

पत्त्यांतल्या चौकटसारखा (डायमंडच्या आकाराचा) रजिस्ट्रेशनचा शिक्का १८४२ ते १८८३ मधला. पण ती डिझाइन नोंदवल्याची तारीख आहे, वस्तू त्यानंतर कधीही बनलेली असू शकते, आणि विक्रेते नेमकं हेच सांगत नाहीत. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुतेक विसाव्या शतकातलं धरा.

कान, चोच, झाकणाची मूठ इथे अंधारात यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च मारा, डागडुजीचा रंग बऱ्याचदा वेगळा चमकतो. बारीक टिचकी मारून आवाज बद्द आला तर तडा असू शकतो. आणि ग्लेझमध्ये शिसं असतं, त्यामुळे त्यात लोणचं-बिणचं अजिबात ठेवू नका, शोकेसमध्येच बरं.