बंदुकीचं पहिलं लायसन्स काढायचंय? नागपूर जिल्ह्यातल्या पोरांसाठी सगळी प्रोसेस

काटोल, उमरेड, भिवापूर, पारशिवनी, कुठलंही गाव घ्या, पोट्टे विचारतात एकच, भाऊ शिकारीसाठी बंदुकीचं लायसन्स कसं काढायचं? तर शिकारीसाठी आता लायसन्स निघत नाही, कारण शिकारच बंद आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात ससा, तितर, हरीण सगळे येतात, आणि नुसता मारायचा प्रयत्न केला किंवा फासा लावला तरी ती शिकारच धरली जाते. बाबाजींच्या काळचे किस्से ऐकायला भारी वाटतात पण तो काळ गेला, आणि गेला ते चांगलंच झालं असं मला मनापासून वाटतं, कारण आज आपल्याकडे जंगलात जे काही उरलंय ते त्या बंदीमुळेच उरलंय.

मग तरुण पोरासाठी खरी कारणं दोनच राहतात, पिकाची राखण आणि नेमबाजी. स्वसंरक्षणासाठी पण अर्ज करता येतो, पण त्यात जिवाला धोका काय आहे ते दाखवावं लागतं आणि बावीस-तेवीसच्या पोराकडे दाखवायला बहुतेक काही नसते. अख्ख्या अर्जाचा जीव त्या कारणाच्या कॉलममध्ये असतो, म्हणून तिथे जे खरं आहे तेच लिहा. शेती वडिलांच्या नावावर, तुम्ही राहता पुण्यात, आणि कारण लिहिलं पिकाची राखण, तर चौकशीला आलेला हवालदार दोन प्रश्नांत ओळखतो.

वय २१ पूर्ण पाहिजे, त्याच्या आधी स्वतःच्या नावावर मिळतच नाही. त्याहून लहान असाल आणि खरंच आवड असेल तर रायफल क्लब जॉइन करा, तिथे क्लबच्या बंदुकीवर कोचसमोर रीतसर शिकता येतं, आणि पुढे अर्ज करताना तीच मेंबरशिप कामाला येते.

आता अर्ज कुठे, इथे लोक फार गोंधळतात. शहर पोलिसांच्या हद्दीत राहत असाल तर लायसन्स देणारे पोलीस आयुक्त, आणि ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत असाल तर जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी म्हणून. दोन्ही ऑफिसं सिव्हिल लाइन्समध्येच. पण कामठी किंवा वाडीवाल्यांनो, तुमचा तालुका ग्रामीण असला तरी ठाणं शहर आयुक्तालयात येतं, त्यामुळे आपलं ठाणं कोणाच्या हाताखाली आहे ते आधी ठाण्यातच विचारून घ्या, नाहीतर एक चक्कर फुकट जाते.

कोणती बंदूक मागायची हेही आधी ठरवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये हे सरळ लिहिलेलं आहे, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी निदान २० इंच नळीची गुळगुळीत नळीवाली बंदूक, म्हणजे आपली बारा बोर, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची म्हणजे भरमार, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या मेंबरला टार्गेट प्रॅक्टिससाठी पॉइंट टू टू रायफल किंवा एअर रायफल. पहिल्याच अर्जात पिस्तूल मागणारे पोट्टे पाहिले की मला काळजी वाटते, कारण रानडुकरासाठी पिस्तूल कोणी मागत नाही आणि तपासणाऱ्यालाही ते कळतं. घरात बाबाजींची जुनी दुनळी असेल तर नवीन घ्यायच्या आधी वारसा हक्काने ती नावावर होते का बघा, लायसन्सधारक वारले असतील तर वारसाला अर्ज करता येतोच, पण ते ७० वर्षांचे झाले असतील किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल तरी वारसासाठी अर्ज करायची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. अर्थात वारसाचीही चौकशी आणि पात्रता तपासली जातेच.

आणि आपल्या जिल्ह्यातली खास अडचण सांगतो जी एजंट कधीच सांगत नाहीत. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन लायसन्स द्यायचं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, वन्यजीव कायद्याचं कलम ३४. आता नकाशा काढून बघा, उमरेड-कऱ्हांडला, मानसिंगदेव, बोर, आणि राष्ट्रीय उद्यानालाही हाच नियम म्हणून पेंच, म्हणजे देवलापार, पारशिवनी, कुही, भिवापूर, कोंढाळी पट्ट्यातली किती गावं यात येतात. आणि जिथे जनावरांचा त्रास जास्त तिथेच ही अट, हे शेतकऱ्याला जड जातं हे मान्य. पण त्याला इलाज नाही, फाइल वनभवनात जाऊन येणार हे धरूनच चला.

फॉर्म आता ऑनलाइन, शस्त्र लायसन्सच्या सरकारी एनडीएएल-एलिस पोर्टलवर, फॉर्म ए-१. भरून झाला की प्रिंट आणि कागद घेऊन लायसन्स शाखेत जायचं. आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो, शेतीचं कारण असेल तर सातबारा, नेमबाजीचं असेल तर क्लबचं सर्टिफिकेट. पिकाचं नुकसान झालं तेव्हा वनखात्याकडे केलेले अर्ज आणि पंचनामे असतील तर ते नक्की जोडा, माझ्या मते सगळ्यात जास्त वजन त्यालाच आहे, म्हणून डुकरांनी हरभरा किंवा तूर उकरली की दरवेळी अर्ज टाकायची सवय लावा, पैसे मिळो न मिळो. शारीरिक आणि मानसिक फिटनेसचं मेडिकल सर्टिफिकेट लागतं, कोणत्या दवाखान्याचं चालेल ते शाखेतच विचारा. आणि शस्त्र सुरक्षेचं ट्रेनिंग सर्टिफिकेट. हे ट्रेनिंग मन लावून करा हो, नुसता कागद म्हणून नको. बंदूक कशी धरायची, गाडीतून कशी न्यायची, घरी कशी ठेवायची हे सगळं तिथे शिकवतात, आणि आपल्याकडे मचाणावर रात्री जागलीला चार जण बसतात, अंधारात पिकात काय हललं ते नीट न दिसता गोळी सुटली की माणूस जातो.

मग ठाण्यातून चौकशी होते. नियमाने पोलिसांनी ३० दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि तो आल्यावर ६० दिवसांत निर्णय व्हायचा, प्रत्यक्षात लांबू शकतं, पोचपावती जपून ठेवा. मारामारीची केस चालू असेल तर लपवू नका, रेकॉर्डवर सगळं दिसतं. नकार आला तर सहसा लेखी कारण देतात आणि शस्त्र कायद्याच्या कलम १८ खाली अपील करता येतं, मुदत ३० दिवसांची. आणि जमीन कमी आहे, पैसा नाही एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम १४ मध्येच आहे, दोन एकरवाल्याने तर हे पाठच करून ठेवावं.

लायसन्स मिळालं तरी रानडुकरावर किंवा रोह्यावर म्हणजे नीलगायीवर गोळी घालायला वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते, त्यासाठी आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जायचं. परवानगीने मारलेलं जनावरही सरकारचंच, मटणाचा विषयच नाही. एअरगनचं पण तसंच, २० ज्यूलपर्यंत ताकद आणि पॉइंट १७७ बोरपर्यंत तिला लायसन्स लागत नाही, पण तिने तितर मारला तर वन्यजीव कायद्याची केस होते.

लायसन्स ५ वर्षांचं असतं आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका. बंदूक कपाटात कुलूपबंद, काडतुसं वेगळ्या कुलपात, चावी लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी. लग्नात, वरातीत हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भाऊ, मित्र, सालदार, कोणालाही एका रात्रीसाठी म्हणूनही देऊ नका. निवडणूक लागली की ठाण्यातून बंदूक जमा करायची नोटीस येऊ शकते, तेव्हा वेळेत जमा करा आणि पावतीवर बंदुकीचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून तपासून घ्या.