सुट्टीतले वाचन आणि व्याकरणाचा सराव: या चुका टाळा

सहावी ते आठवीतल्या मुलांना सुट्टी लागली की घरात दोन गोष्टी हमखास येतात, वाचायच्या पुस्तकांची यादी आणि व्याकरणाची सरावपुस्तिका. पहिला आठवडा जोरात जातो. मग यादीतले पुस्तक निम्म्यावर अडते, पुस्तिकेतल्या गाळलेल्या जागा भराभर भरून टाकल्या जातात, आणि शाळा सुरू झाल्यावर त्याच मुलाच्या निबंधात ‘फुलाला’ हा शब्द पुन्हा ‘फूलाला’ असा उमटतो. मग मूल आळशी ठरते. मला मात्र बहुतेक वेळा दोष सरावाच्या आखणीत दिसतो, आणि आखणी सुधारता येते.

मुळात सुट्टीत सराव हवाच का? हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली उन्हाळी सुट्टीच्या परिणामांवरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. सुट्टीनंतरच्या चाचण्यांत मुले सरासरी महिनाभराच्या शिकण्याइतकी मागे गेलेली दिसली, आणि सर्वांत जास्त घसरण होती ती गणितातली आकडेमोड आणि शब्दांचे लेखन यांत. पुढच्या काही अभ्यासांत एवढी घसरण आढळली नाही, त्यामुळे धास्ती घेण्याचे कारण नाही. तरी शुद्धलेखन हाताच्या सवयीवर उभे असते आणि हात थांबला की सवय सुटते, एवढे लक्षात ठेवून आखणी केली तरी पुरे.

पुस्तक आपणच निवडणे

अकरा ते चौदा या वयात ‘हे वाच, चांगले आहे’ हे वाक्य पुस्तकाच्या विरोधात जाते. चार-पाच पुस्तके समोर ठेवा आणि निवड मुलावर सोडा. विज्ञान, खेळ, चरित्रे, रहस्यकथा, चित्रकथा, सगळे वाचनच आहे. आधी वाचलेले पुस्तक पुन्हा हातात घेतले तरी अडवू नका. दुसऱ्या वाचनात कथेची उत्सुकता भागलेली असते, त्यामुळे लक्ष वाक्यांकडे जाते.

पुस्तक झेपेल का, याची एक सोपी खूण आहे. मधलेच एखादे पान उघडून मुलाला वाचू द्या आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायला सांगा. एका पानात पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक सध्या एकट्याने वाचायला जड आहे. ते रोज थोडे तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, मूल ऐकेल.

प्रत्येक प्रकरणाची परीक्षा घेणे

प्रकरण संपले की सारांश, पात्रपरिचय, तात्पर्य! असे केले की मूल कथेसाठी वाचायचे सोडून उत्तरांसाठी वाचू लागते. त्यापेक्षा गप्पा मारा. ‘त्याने खोटे का सांगितले असेल?’, ‘तू असतीस तर काय केले असतेस?’ असा एखादाच प्रश्न विचारा. त्याचे उत्तर तुम्हालाही आधी ठाऊक नसेल तर गप्पा अधिक रंगतात.

मूल पाने उलटते, पण काय वाचले ते सांगता येत नाही

ही तक्रार पालकांकडून फार येते. त्यावर ‘लक्ष देऊन वाच’ हा सल्ला निरुपयोगी आहे, कारण अडचण नेमकी कुठे आहे ते त्यातून कळत नाही. एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा आणि नीट ऐका.

वाचन जोडाक्षरांवर अडखळत असेल, ओळी सुटत असतील, सोप्या शब्दांनाही वेळ लागत असेल, तर अडचण अक्षरवाचनाची आहे. अशा मुलाची दृष्टी तपासून घ्या, रोज थोडे प्रकट वाचन करून घ्या. तरीही फरक पडला नाही तर शिक्षकांशी बोला आणि गरज वाटल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. अशा वेळी ओरडून काहीही साधत नाही.

वाचन सफाईदार आहे पण अर्थ हाती लागत नाही, हा प्रकार वेगळा. यात बरेचदा सर्वनामे निसटलेली असतात. मराठीत कर्ता सर्रास गाळला जातो. ‘दादाने त्याला हाक मारली, पण थांबला नाही’ या वाक्यात कोण थांबला नाही? दादा, की ज्याला हाक मारली तो? वाचताना मुलाने हा प्रश्न मनात सोडवला नाही, तर पुढचा प्रसंग डोक्यावरून जातो. म्हणून परिच्छेद संपल्यावर ‘हा तो म्हणजे कोण?’, ‘त्यांनी म्हणजे कोणी?’ एवढेच विचारा. मूल गडबडते ती जागा लगेच सापडते. आणि सर्वनाम कशाऐवजी येते, हा व्याकरणाचा धडाही तिथेच होऊन जातो.

व्याकरण वेगळ्या कप्प्यात ठेवणे

मला सर्वांत जास्त खटकणारी चूक ही आहे. सकाळी पुस्तिकेतले व्याकरण, संध्याकाळी वाचन, आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही. पुस्तिकेत मूल ‘विशेषण ओळखा’ला पैकीच्या पैकी गुण मिळवते आणि स्वतःच्या निबंधात एकही नेमके विशेषण वापरत नाही.

याला संशोधनाचाही आधार आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या लेखनावरचे प्रयोग एकत्र मांडले. त्यांत व्याकरणाच्या सुट्या, पारंपरिक पाठांचा लेखनाच्या दर्जावर चांगला परिणाम दिसला नाही, उलट किंचित वाईटच दिसला. छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याच्या सरावाचा मात्र स्पष्ट फायदा झाला. ते संशोधन इंग्रजी लेखनावरचे असले, तरी वाक्ये जोडण्याचा हा सराव मराठीत सहज जमतो.

मुलाला ही चार वाक्ये द्या: मुलगा धावत होता. तो पडला. त्याच्या गुडघ्याला खरचटले. तो रडला नाही. आता यांचे एक वाक्य करायला सांगा, आणि तेही निरनिराळ्या तऱ्हेने. एक मूल लिहील, ‘धावताना मुलगा पडला आणि त्याच्या गुडघ्याला खरचटले, पण तो रडला नाही.’ दुसरे लिहील, ‘धावताना पडून गुडघ्याला खरचटले, तरी मुलगा रडला नाही.’ तिसरे कदाचित लिहील, ‘जो मुलगा धावताना पडला, तो गुडघ्याला खरचटूनही रडला नाही.’ आता बोलायला भरपूर आहे. ‘धावताना’ हे रूप कुठून आले? ‘पण’ने काय केले, ‘तरी’ने काय केले? ‘जो… तो’ आल्यावर वाक्य मिश्र का झाले? उभयान्वयी अव्यय, धातुसाधित, वाक्यांचे प्रकार, सगळे या चार ओळींत येते, आणि वाक्य स्वतःचे असल्यामुळे मूल त्यावर हिरिरीने बोलते.

अशी वाक्ये तयार करायला वेगळे पुस्तक लागत नाही. मूल वाचत असलेल्या पुस्तकातले एखादे लांब वाक्य घ्या, त्याचे तुकडे करा, मुलाला जोडायला द्या आणि शेवटी मूळ वाक्याशी ताडून पाहा. कधीकधी मुलाचे वाक्य मूळ वाक्याइतकेच चांगले उतरते. तसे झाले तर मोकळेपणाने सांगा.

ह्रस्व-दीर्घाचे नियम पाठ करून घेणे

मराठी लेखनाचे प्रचलित नियम १८ आहेत. १९६२ साली १४ मान्य झाले, १९७२ साली ४ची भर पडली. सुट्टीत ते सगळे घोकण्याची काही गरज नाही. या वयातल्या बहुतांश चुका दोन-तीन नियमांभोवतीच फिरतात.

पहिली जागा म्हणजे उपान्त्य अक्षर, शेवटच्याच्या आधीचे. फूल, मूल, गरीब, वकील, बहीण यांत ते दीर्घ आहे. प्रत्यय लागून सामान्यरूप झाले की तेच ह्रस्व होते: फुलाला, मुलाने, गरिबांचा, वकिलांनी, बहिणीला. नियम सांगण्याआधी या जोड्या समोर ठेवा आणि काय बदलले ते मुलालाच शोधू द्या. स्वतः शोधलेला नियम टिकतो. मग अपवाद सांगा. शरीर, गीत असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द आपला दीर्घ सोडत नाहीत, म्हणून शरीरात, गीताचे. आणि ‘गुण’सारखा तत्सम शब्द मुळातच ह्रस्व आहे, तो ‘गूण’ होत नाही.

दुसरी जागा शब्दाच्या शेवटची. मराठी शब्दाचा शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात: पाणी, की, वस्तू. ‘आणि’ मात्र ह्रस्व. परंतु, तथापि ही तत्सम अव्ययेही ह्रस्व. ‘आणी’, ‘परंतू’ आणि ‘कि’ या तीन चुका सुटल्या तरी निबंधाचे पान निम्मे स्वच्छ होते.

यासाठी श्रुतलेखनासारखा उपाय नाही. मुलाच्या हातातल्या पुस्तकातली चार-पाच वाक्ये सांगा. लिहून झाले की पुस्तक त्याच्याकडे द्या आणि तपासणी त्यालाच करू द्या. तुमचे लाल पेन बाजूला ठेवा. पानभर लाल खुणा पाहिल्या की मूल चूक वाचत नाही, फक्त रंग पाहते. एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक धरा, बाकीच्या सध्या राहू द्या.

‘ने’ दिसला की कर्मणी म्हणणे

प्रयोग ओळखताना मुले प्रत्यय पाहून ठोकून देतात. ‘मी गोष्ट वाचली’ या वाक्यात ‘ने’ नाही, तरी प्रयोग कर्मणीच आहे. आणि ‘मुलीने भावाला उठवले’ यात ‘ने’ असूनही प्रयोग भावे आहे. प्रत्यय पाहू नका, शब्द बदलून क्रियापद हलते का ते पाहा.

‘मुलगी पत्र वाचते.’ मुलगीच्या जागी मुलगा घाला: ‘मुलगा पत्र वाचतो.’ कर्त्याबरोबर क्रियापद बदलले, म्हणून कर्तरी. ‘मुलीने पत्र वाचले.’ पत्राच्या जागी गोष्ट घाला: ‘मुलीने गोष्ट वाचली.’ कर्माबरोबर बदलले, म्हणून कर्मणी. ‘मुलीने भावाला उठवले’ हे वाक्य ‘मुलांनी बहिणींना उठवले’ असे केले तरी ‘उठवले’ जागचे हलत नाही, म्हणून भावे. ही चाचणी दोन दिवसांत हातात बसते आणि परीक्षेतही दगा देत नाही.

‘ला’ या प्रत्ययाचेही तसेच आहे. ‘मी ताईला पाहिले’ यात द्वितीया आणि ‘मी ताईला पुस्तक दिले’ यात चतुर्थी, अशी शाळेत विभागणी करतात. प्रत्यय एकच असतो. वाक्यात त्या शब्दाचे काम काय, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

रविवारी दोन तास, बाकी आठवडा काही नाही

एका बैठकीत केलेला सराव लवकर पुसला जातो. विसरण्याचा वेग जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच मोजून दाखवला होता. रोज अर्धा तास वाचन आणि आठवड्यातून तीन-चार दिवस दहा-पंधरा मिनिटे वाक्यांवर काम, एवढे या वयाला पुरते. एक दिवस फक्त संधी, एक दिवस फक्त समास असे करू नका. प्रकार मिसळलेले ठेवा, कारण परिच्छेद लिहिताना ते मिसळूनच समोर येतात.

मध्ये आठ दिवस बुडाले तर राहिलेला अभ्यास साठवून मुलावर टाकू नका. आजच्या पानापासून सुरू करा.

सरावाचे लेखन शक्यतो हाताने करून घ्या. टंकलेखन केले तर शब्द सुचवणारी सोय बंद करा, नाहीतर ह्रस्व-दीर्घ फोनच दुरुस्त करतो आणि मुलाला चूक झाल्याचे कळतही नाही.

सुट्टीच्या सुरुवातीलाच मुलाकडून त्याच्या आवडीच्या विषयावर पानभर लिहून घ्या आणि न तपासता ठेवून द्या. शाळा सुरू होण्याच्या आधी ते पान त्याच्या हातात द्या आणि चुका त्यालाच शोधू द्या. ज्या त्याला सापडतील त्यांचा सराव आता कमी केला तरी चालेल. ज्या त्याच्या नजरेतून सुटतील त्यांची छोटी नोंद करून नव्या वर्गाच्या शिक्षकांना दाखवा.