जर्मनीत सहा महिन्यांसाठी घरचं इंटरनेट

प्रोजेक्टसाठी किंवा एका सेमिस्टरपुरते जर्मनीत येत असाल, तर घरच्या इंटरनेटचा करार घाईने करू नका. इथले स्वस्त दिसणारे प्लॅन बहुतेक 24 महिन्यांचे असतात. डिसेंबर 2021पासून मूळ मुदत संपल्यावर महिन्याची नोटीस देऊन बाहेर पडता येतं, पण त्याआधी सुटका अवघड. भारतात परतलो की करार आपोआप संपेल, असं अजिबात समजू नका.

आधी घरमालकाला विचारा, ‘वेलान’ भाड्यात आहे का? वायफायला इथे वेलान म्हणतात, आणि फर्निचरसकट मिळणाऱ्या घरांत ते बरेचदा असतंच. नसेल तर ‘मोनाटलिश क्युंडबार’, म्हणजे दर महिन्याला बंद करता येणारा प्लॅन शोधा. जोडणीची फी आणि राउटरचे पैसे धरून सहा महिन्यांचा एकूण खर्च काढा, नुसता मासिक दर बघू नका.

तंत्रज्ञ येणार असेल तर खालच्या बेलवर स्वतःचं आडनाव आधीच चिकटवा. इथे फ्लॅट नंबर सहसा नसतात, आडनावावरूनच घर शोधतात. माझ्या बेलवर जुन्या भाडेकरूचं नाव होतं. तंत्रज्ञ खालूनच परत गेला आणि पुढची तारीख दोन आठवड्यांनंतरची मिळाली.

तोवर प्रीपेड सिम घ्या (पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते) आणि फोनचा हॉटस्पॉट खिडकीपाशी ठेवा. जाड भिंतींच्या जुन्या इमारतींत तिथेच रेंज बरी मिळते.