फिल्म खराब येतेय? आधी सबस्ट्रेट बघा

लेसरने ऑक्साइडची पातळ फिल्म सबस्ट्रेटवर, म्हणजे खालच्या स्फटिकाच्या तुकड्यावर, वाढवताना लेसरची एनर्जी बदलून झाली, ऑक्सिजनचं प्रेशर बदलून झालं, तरी फिल्म खडबडीतच येतेय, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण माझे पण असेच कित्येक महिने गेले आणि घोळ सबस्ट्रेटच्या अगदी वरच्या थरात निघाला.

स्ट्रॉन्शियम टायटनेट म्हणजे आपला एसटीओ, हा नेहमीचा सबस्ट्रेट घ्या. त्यात स्ट्रॉन्शियम ऑक्साइड आणि टायटॅनियम ऑक्साइडचे थर आलटून पालटून असतात. नव्या कोऱ्या तुकड्यावर दोन्ही मिसळून उघडे असतात, मग फिल्मचा पहिला थर इथे एक आणि तिथे दुसराच सुरू होतो. २००४ मध्ये ओटोमो आणि ह्वांग या संशोधकांनी एसटीओवर लॅन्थनम ॲल्युमिनेट वाढवला, तर टायटॅनियमवाल्या थरावर दोन्हींच्या सांध्यातून करंट वाहतो आणि स्ट्रॉन्शियमवाल्यावर नाही! दोन्ही मटेरियल मुळात इन्सुलेटर आहेत हे लक्षात घ्या.

तर करायचं असं. ॲसिटोन, आयसोप्रोपॅनॉलने साफ करून तुकडा दहा मिनिटं डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात सोनिकेट करा, म्हणजे अल्ट्रासाउंडने हलवून धुवा, पाण्याने वरच्या स्ट्रॉन्शियमचं हायड्रॉक्साइड होतं आणि ते बफर्ड एचएफमध्ये (बफर मिसळलेलं हायड्रोफ्लोरिक ॲसिड) पटकन विरघळतं, म्हणून तिथे ३० सेकंद पुरतात, जास्त ठेवलं तर खड्डे पडतात. भांडं टेफ्लॉनचंच, एचएफ काचेला खातं. एचएफ अंगावर पडलं तर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी हवं आणि हे काम एकट्याने कधीच करू नका, प्लीज. नंतर ऑक्सिजनमध्ये ९५० डिग्री सेल्सियसला एक तास एनीलिंग, म्हणजे तापवून ठेवणं.

मग एएफएम (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणारा मायक्रोस्कोप). हे टाळू नका! ०.३९ नॅनोमीटरच्या सरळ पायऱ्या दिसल्या पाहिजेत, मिसकट (स्फटिक कापताना राहिलेला तिरकेपणा) ०.१ डिग्री असेल तर पायरीची रुंदी साधारण २२० नॅनोमीटर येते. मध्येच ०.२ नॅनोमीटरच्या अर्ध्या पायऱ्या दिसल्या तर दोन्ही थर अजून मिसळलेलेच आहेत.

लॅटिसचं, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या जाळीच्या मापाचं, गणित सोपंय: वाढवायची फिल्म एलएसएमओची (लॅन्थनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट) असेल तर तिची जाळी ३.८७ अँगस्ट्रॉम, एसटीओची ३.९०५, म्हणजे एसटीओवर फिल्म ताणली जाते, लॅन्थनम ॲल्युमिनेटवर (३.७९) दाबली जाते.

आणि आपल्या मुंबईत जून ते सप्टेंबर जास्त जपा. मॅग्नेशियम ऑक्साइडचा सबस्ट्रेट तर दमट हवेत ओलावा धरून वरून हायड्रॉक्साइड होतो. डेसिकेटरमधली (तुकडे कोरडे ठेवायच्या बंद भांड्यातली) निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ओव्हनमध्ये सुकवून घ्या, आणि एनील केलेला तुकडा रात्रभर टेबलावर न ठेवता त्याच दिवशी चेंबरमध्ये चढवा.