आधी दुकान, मग खून

नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकापासून पाच मिनिटांवरच्या एका गल्लीत मी 26 वर्षं ब्लाउज शिवले. आठ बाय दहाची खोली, दोन मशिनी, कोपऱ्यात ट्रायलचा पडदा. त्या पडद्याआड मी जे ऐकलं त्यातूनच माझ्या रहस्यकथामालेची नायिका आली. सिंधूबाई, वय 52, फॉल-पिकोचं दुकान. तिचे तीन भाग छापून झाले, चौथ्याचा खर्डा झाला आहे. "मलाही अशी मालिका लिहायची आहे, सुरुवात कुठून करू?" असं कुणी ना कुणी विचारत असतं. दुकानात उभ्या उभ्या एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

सुरुवात खुनापासून करू नका. तपासासाठी घरात शिरायचा अधिकार पोलिसाला असतो, हौशी शोधकाला नसतो. पहिल्या पानापासून वाचक मनात विचारत असतो, ही बाई इथे काय करते आहे? त्याचं उत्तर तिच्या धंद्यात असायला हवं. धंद्यानं तिला उंबरठा ओलांडायचं कारण मिळतं, आणि फौजदाराजवळ नाही अशी नजरही मिळते. "तिला कोडी सोडवायची आवड होती" एवढ्यावर एक पुस्तक कसंबसं निघेल, मालिका निघणार नाही.

सिंधूबाईचं उदाहरण देते. तिच्याकडे मापांची वही आहे. प्रत्येक मापापुढे तारीख. एका सुनेचं दंडाचं माप तीन महिन्यांत दीड इंच उतरलं, आणि सासरचे सांगतात, पोरगी अगदी धडधाकट होती. त्या सुनेचा ब्लाउज सिंधूबाईच्या हाती येतो तेव्हा आतल्या बाजूला दोनदा उसवून आत घेतलेल्या टिपा दिसतात, आणि त्यातली दुसरी टीप सिंधूबाईच्या हातची नसते. म्हणजे तब्येत उतरत होती हे घरात कुणाला तरी ठाऊक होतं, आणि त्या कुणीतरी कपडा गुपचूप घरीच आत घेतला होता. पंचनाम्यात हे "एक निळा ब्लाउज" असं तीन शब्दांत संपलं असतं.

तुमचा शोधक डबे पोचवणारी बाई असेल, मीटर रीडिंग घेणारा असेल, भिशी चालवणारी असेल, इतवारीतल्या किराणा दुकानाचा मुनीम असेल. कागद घ्या आणि लिहा: पोलिसांकडे कधीच जाणार नाहीत अशी कोण माणसं याच्याकडे येतात? कोणती दारं याला न विचारता उघडतात? याला हातानं, नाकानं, कानानं काय कळतं? दहा-बारा नोंदी सहज झाल्या नाहीत तर धंदा बदला. तुम्ही स्वतः केलेलं काम असेल तर उत्तमच. नसेल तर त्या माणसाजवळ आठ दिवस जाऊन बसा.

मालिकेची दुसरी अडचण तिसऱ्या भागात उभी राहते. एकाच गल्लीत दर पुस्तकात एक मुडदा पडला तर वाचक म्हणेल, हे लोक घरं विकून जात काहून नाहीत? मी खून गल्लीबाहेर नेले आणि नागपूरच्या ऋतूंवर बसवले. पहिला भाग मे महिन्यात. दुसरा मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, बडग्यांचे पुतळे निघतात, "घेऊन जा गे मारबत" ओरडत सगळा महाल-इतवारी रस्त्यावर येतो आणि कोण कुठे होतं हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही तेव्हाचा. तिसरा डिसेंबरातल्या हिवाळी अधिवेशनात. 1953 च्या नागपूर करारामुळे हे अधिवेशन इथे होतं. त्या दिवसांत लॉज बाहेरच्या माणसांनी भरतात आणि पोलिस बंदोबस्तात अडकतात, त्यामुळे एका शिंपिणीला हातपाय हलवायला जागा मिळते. चौथा कळमन्याच्या संत्रा बाजारात. इथे जपून. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चकडे. ऐन जूनमध्ये बाजार संत्र्यांनी भरलेला दाखवलात तर नागपूरचा वाचक पुस्तक तिथेच मिटेल, आणि त्याचं बरोबर असेल.

आता खून. मी शेवट आधी लिहिते. मोठ्या कागदावर मधोमध रेघ मारायची. डाव्या बाजूला खरं काय घडलं, तासातासानं. उजव्या बाजूला त्यातलं सिंधूबाईला केव्हा आणि कसं कळलं. डावी बाजू पूर्ण झाल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहायचं नाही. पहिल्या पुस्तकात मी हे केलं नाही आणि मधली 70 पानं फेकावी लागली.

त्याच पुस्तकातली मृत्यूची वेळ सविस्तर सांगते, कारण बाहेरच्या कादंबऱ्या वाचून आपण इथेच फसतो. थंड देशातल्या कथेत डॉक्टर प्रेताला हात लावतो, अंग किती निवलं ते बघतो आणि तास सांगतो. नागपूरच्या मेमध्ये पारा 45 च्या वर जातो. पत्र्याच्या खोलीतली हवा अंगापेक्षा, म्हणजे 37 अंशांपेक्षा, गरम असेल तर प्रेत निवणार कसं? ताठरपणाचा ढोबळ हिशोब असा की तो सगळ्या अंगात पसरायला सुमारे 12 तास, टिकायला 12, उतरायला 12. पण उन्हाळ्यात तो लवकर चढतो आणि लवकर उतरतो. म्हणजे खोलीत कूलर चालू होता की बंद, यावर सगळा हिशोब फिरतो.

म्हणून माझ्या कथेचा खिळा कूलर झाला. मी घरच्या कूलरवर मोजून पाहिलं: दुपारी 1 ते 5 मध्ये त्यानं तीन बादल्या पाणी ओढलं. कथेत शेजारीण सांगते की कूलर दुपारपासून चालू होता, आवाज येत होता. रात्री 9 ला प्रेत सापडतं तेव्हा टाकी काठोकाठ भरलेली. त्या घरात नळ फक्त सकाळी 6 ला येतो. मग संध्याकाळी टाकी भरली कुणी आणि कशानं? उत्तर दाराआडच्या रिकाम्या ड्रममध्ये आहे.

तो ड्रम वाचकाला दाखवणं भाग आहे. सिंधूबाईला दिसलेलं वाचकाला दिसलंच पाहिजे, नाहीतर ती फसवणूक झाली. पण त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. मी लिहिलं: दारामागे झाडू, रिकामा ड्रम, त्यावर टाकलेला ओला टॉवेल. ड्रम मधोमध. वाचकाची नजर टॉवेलवर जाते, कारण तो शेवटी आहे आणि ओला आहे. पुढच्याच ओळीत दोन जावांचं भांडण सुरू होतं. वीस पानांनंतर ड्रमचा पुन्हा उल्लेख येतो, पण चुकीच्या अर्थानं: शेजारीण म्हणते, "आज नळाले पाणीच कमी होतं." वाचक तेवढ्यावर समाधान मानतो. खुणा लपवायच्या माझ्या तीन जागा याच: यादीचा मध्य, भांडणाच्या आधीची ओळ आणि आधी दिलेला खोटा अर्थ. खोट्या वाटा दोन पुरेत, आणि त्यांचंही शेवटी खरं स्पष्टीकरण द्यायचं. ओला टॉवेल कुणाचा होता हे माझ्या वाचकाला शेवटच्या प्रकरणात कळतं.

कायदा नीट वाचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेनंतरच्या खुनाला कागदावर कलम 103(1) लागतं, 302 नाही. माझी पहिली कथा 2025 च्या मेमधली, आणि मी एफआयआरमध्ये 302 छापलं. एका वकील वाचकानं पत्र लिहून कळवलं, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त केलं. माणसांच्या तोंडी मात्र "तीनशे दोन लागेल त्याले" असंच ठेवा, लोक अजून तसंच बोलतात. संशयास्पद मृत्यूची आधी आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद होते, आपण मर्ग म्हणतो तो. पंचनामा, शवविच्छेदन आणि व्हिसेराचा, म्हणजे प्रेतातून काढलेल्या आतल्या अवयवांच्या तपासणीचा, अहवाल यांना वेळ लागतो. हा वेळ तुमच्या शोधकाचा आहे. पोलिस तपासात थांबलेले असतात तेव्हा तो चालत असतो, त्यामुळे फौजदाराला मूर्ख दाखवायची गरजच पडत नाही.

आणि शेवटचा प्रवेश. सगळ्यांना एका खोलीत जमवायचं, शोधकानं बोट दाखवायचं आणि खुन्यानं फौजदारासमोर कबूल करायचं, हे लिहायला सोपं. पण पोलिसासमोरचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 23 बघा. कोठडीतल्या आरोपीनं सांगितलं आणि त्यातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग धरला जातो. शिंपिणीसमोर आपखुशीनं दिलेली कबुली कोर्टात मांडता येते, पण ती कमकुवत मानतात, तिला दुसरा आधार लागतो. या नियमानं माझे शेवट सुधारले. सिंधूबाई कबुलीच्या मागे लागत नाही, वस्तू कुठे असेल ते शोधते.

भाषेबद्दल मला फार वाटतं. आपल्याकडे एकाच घरात तीन बोल्या असतात. सिंधूबाई गिऱ्हाइकाशी "या ना ताई, बसा" म्हणते, बहिणीशी "तू काहून आली नाहीस वं?" म्हणते, आणि ठाण्यात गेली की जपून, पुस्तकातल्यासारखं बोलते. धरमपेठेतली गिऱ्हाईक "मी येतेय" म्हणेल, महालातली "मी येऊन राहिली". एकदा एका माणसाचं खोटं मी याच फरकावर पकडलं: तो पुण्याहून आजच आलो म्हणत होता आणि बोलण्यात "जाऊन राहिलो" आलं. संवाद मोठ्यानं वाचा. निवेदन मात्र सगळ्या महाराष्ट्राला कळेल असं ठेवा.

मालिकेची एक वही ठेवा. प्रत्येकाचं वय, घराची दिशा, कुणाला चष्मा, कुणाचा खांदा उतरता, कोण कुणाला अहो-जाहो करतं, कोणत्या भागात कुणाला काय कळलं. दुसऱ्या भागात मी सिंधूबाईच्या भाच्याचं लग्न लावलं आणि तिसऱ्यात त्याच्यासाठी मुलगी पाहायला निघाले होते. वहीनं वाचवलं.

प्रकाशनाची घाई करू नका. दोन भाग पूर्ण आणि तिसऱ्याचा आराखडा हातात असल्याशिवाय मी पहिला छापायला दिला नाही. रहस्यकथेचा वाचक एक संपवला की लगेच दुसरा मागतो. दोन वर्षांनी मागायला तो थांबत नाही. मी चार ते पाच महिन्यांच्या अंतरानं भाग काढले. सिंधूबाईची एक छोटी कथा आधी दिवाळी अंकात दिली, त्यानं ओळख झाली. दिवाळी अंकाला कथा द्यायची तर उन्हाळ्यातच लिहून ठेवा.

छपाईचा हिशोब फॉर्म्यात चालतो. एक फॉर्मा 16 पानांचा. 12 फॉर्मे म्हणजे 192 पानं. 194 झाली तर तेराव्याचा खर्च, म्हणून दोन पानं कापा. सगळ्या भागांचा आकार एकच ठेवा, कण्यावर क्रमांक टाका. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. माझ्या पहिल्या छापखान्यानं तो जुन्या फॉन्टमध्ये उतरवला आणि रफार हलले. "पूर्वी"चं "पूवी" झालेलं 40 ठिकाणी सापडलं. तेव्हापासून शेवटचं प्रूफ मी कागदावर, पट्टी ठेवून, ओळ न ओळ वाचते. ई-बुकलाही युनिकोडच लागतं. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येतं, पण त्यांच्या सिलेक्ट योजनेत गेलात तर 90 दिवस तेच ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही, हे वाचून मगच होय म्हणा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन राय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. छापील पुस्तकाला वेगळा, ई-बुकला वेगळा. स्वतः प्रकाशक असाल तर 1954 च्या कायद्यानुसार 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते.

प्रकाशकाकडे गेलात तर करार दोनदा वाचा. मला आलेल्या एका करारात "या पात्रावरील पुढील सर्व लेखन" असा शब्दप्रयोग होता. मी सही केली नाही. हक्क एकेका पुस्तकाचेच द्या, मुदत लिहून घ्या. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. लिहिल्या क्षणी कॉपीराइट तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुमच्यामागे 60 वर्षं चालतो. शोधक तुमचा आहे, तो एका सहीत देऊ नका.

पहिल्या भागाच्या 300 प्रती काढल्या. त्यातल्या सव्वाशे दुकानाच्या काउंटरवरून गेल्या, ब्लाउजच्या पिशवीसोबत. तुमच्या शोधकाच्या धंद्यातली माणसं हेच तुमचे पहिले वाचक. डबेवालीची कथा असेल तर मेसमध्ये ठेवा.

छापण्याआधीची एक परीक्षा मात्र कधीच टाळत नाही. सात जणींना खर्डा देते, प्रत्येकीला एक पाकीट. पान 100 वर थांबायचं, ज्याच्यावर संशय आहे त्याचं नाव आणि कारण लिहायचं, पाकीट बंद करायचं, मग पुढे वाचायचं. सातांपैकी एकीनं ओळखलं तर ठीक. कुणीच नाही, तर खुणा कमी पडल्या. चौघींनी ओळखलं तर फार उघड्या पडल्या. चौथ्या भागाची पाकिटं परवा उघडली. पाच जणींनी एकच नाव लिहिलं आहे, आणि ते बरोबर आहे. पाचहीजणींचं कारण एकच, आठव्या प्रकरणातली संत्र्याच्या पेटीवरची सुतळीची गाठ. ते प्रकरण मी कालपासून उसवायला घेतलं आहे.